छपरावरची ब्राह्मी

“रंग कुणी घालवला हिचा?” शंभुगिरी महाराजांनी मूठभर सुकी ब्राह्मी पुढे केली.

घालवला त्यांनीच होता. मठाची वर्षभराची ब्राह्मी दरसाल ओवरीच्या सावलीत आठ दिवस सुकायची. यंदा उत्सवाच्या घाईपायी त्यांनी ती पत्र्याच्या छपरावर पसरायला लावली. भर वैशाखात. दोन दिवसांत तिची तंबाखू झाली.

तेरा शिष्य माना खाली घालून बसले.

“सर्जा, तू सांग.”

सर्जा गप्प. छपरावर चढताना एकटा तोच म्हणाला होता, “महाराज, एवढ्या उन्हात हिच्यातलं अँटिऑक्सिडंट जाईल. कस जाईल. सावलीतच राहू द्या.”

“कॉलेज अर्ध्यात टाकलेला मला शिकवतो! पौर्णिमेपर्यंत मौन!” महाराज गरजले होते. बाकीचे बारा जण पोटभर हसले होते.

कॉलेज त्यानं टाकलं, कारण न केलेल्या प्रयोगाचे आकडे सर वहीत लिहायला लावत. मठात खरं चालतं, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं...

“दुप्पट वेळ उकळू,” शिष्यांतले थोरले नामगिरी म्हणाले. “काढ्यात कस उतरेल.”

उन्हात जळालेलं आता चुलीवर! म्हाताऱ्यांचं हे एक बरं असतं, सर्जाच्या मनात आलं.

सर्जा उठला. स्वतःच्या खाटेखाली चोरून सुकवलेली ओंजळभर ब्राह्मी त्यानं आणली. दोन फुलपात्रांत गार पाणी ओतलं. एकात छपरावरची टाकली, एकात खाटेखालची.

घटकाभर त्यानं ती तशीच भिजू दिली.

एक पाणी हिरवट झालं. दुसरं, भांडी विसळल्यासारखं.

महाराजांनी दोन्ही चाखली. हिरव्यानं तोंड कडू झालं. दुसऱ्यानं काहीच झालं नाही.

“मौन सुटलं तुझं. बोल.”

सर्जानं पिशवी खांद्याला अडकवली. पाया न पडताच तो पायऱ्या उतरू लागला.

“अरे, बोल की...”

खाली एसटी थांबली. गेली.

नामगिरींनी घसा खाकरला. “महाराज, विचारलं कुणी, तर नुकसान किती झालं म्हणून सांगायचं?”

महाराजांनी ते दुसरं फुलपात्र पालथं घातलं.

“छपरावर तेरा जण होते. बोलणारा एकच होता.”