सगळं धरून सहा हजार

घाटमाथ्यावरच्या एका गावात एक भोळा नारबा राहायचा. सांगाल ते करायचा. पण सांगितलं तेवढंच आणि जसंच्या तसं. त्यामुळे त्याची बायको अनसूया साधं भांडं वाजलं तरी दचकायची.

थंडी कडाक्याची. न्हाणीघरातला पंधरा वर्षांचा गीझर पाणी जेमतेम कोमट करायचा आणि वर नळाला हात लावला की झटका द्यायचा. शनिवारी लेक शेवंता दीड महिन्याचं बाळ घेऊन येणार होती. बाळाला असल्या पाण्याने न्हाऊ घालायचं? अनसूयेने नवऱ्याला हाक मारली.

"अहो, दुकानात जा. जुना काढून नवा बसवायला किती पडतील, विचारून या."

नारबा गेला. दुकानदार म्हणाला, "सगळं धरून सहा हजार पडतील."

नारबा उड्या मारत घरी आला. थोड्या वेळाने अनसूया न्हाणीघरात डोकावली आणि किंचाळलीच. खाली तिचं ठेवणीतलं लुगडं पसरलेलं. नारबाच्या डोक्यावर तांब्या, काखेत बादली आणि दोन्ही हातांनी गीझरला मिठी.

"अहो, हे काय?"

"सगळं धरलंय. तरी सहा हजार अजून कसे पडत नाहीत?"

"पडतील म्हणजे आपल्याच खिशातून जातील हो! पडतील असं ऐकलं की आधी खिसा घट्ट धरायचा. कळलं?"

"कळलं."

दुसऱ्या दिवशी सहा हजार खिशात घालून नारबा निघाला. वाटेत शेजारचे तात्या शिडीवर चढून कौलं सारखी करत होते. शिडी डुगडुगली. त्यांची सून ओरडली, "नारबाभावजी, धावा! मामंजी पडतील!"

नारबाने खिसा घट्ट धरला. तात्या पडले. शेणाच्या ढिगात पडले म्हणून वाचले.

"खिसा कसला धरतोस, मेल्या!" तात्या दाढीतलं शेण काढत गरजले. "पडतील म्हटलं की हातातलं टाकायचं आणि पुढे होऊन झेलायचं!"

"बरं," नारबा म्हणाला.

दुकानदार म्हणाला, "जुना परत दिलात तर पाचशे कमी पडतील."

नारबाने हातातली नोटांची पुडी टाकली आणि झेलायला थेट त्याच्या अंगावर झेपावला.

"अहो, गळ्यात काय पडताय? बरं बाबा, आणखी दोनशे कमी!"

हे ऐकून अनसूयेला लग्नानंतर पहिल्यांदाच वाटलं, आपल्या नवऱ्याला भाव करता येतो.

शनिवारी वायरमन आला. जुना गीझर काढून त्याने टेंपोत टाकला. नवा, पांढराशुभ्र, नारबाच्या हातात दिला. "भोकं पाडतो, तोवर धरा."

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. अनसूया लगबगीने म्हणाली, "आली वाटतं मंडळी! जावई पाया पडतील हं, नीट आशीर्वाद द्या."

बोलली आणि स्वतःच दचकली. पण उशीर झाला होता. जावई वाकले. नारबाने हातातलं टाकलं आणि जावयांना वरच्या वर झेललं.

धडाम!

बाळाने भोकाड पसरलं. चेपलेला गीझर गडगडत गेला आणि बरोबर चुलीपाशी जाऊन थांबला. अनसूया कपाळाला हात लावून खाली बसली.

"आता परत सहा हजार पडतील हो!"

नारबाने जावयांना अलगद खाली ठेवलं, ठेवणीतलं लुगडं काखेत मारलं आणि तो बाहेर निघाला.

"रडू नकोस गं. या खेपेला अंगणात पसरतो. मागच्या वेळी न्हाणीघर लहान पडलं."