तंबोऱ्याचा लाल दोरा

पुष्कळ जुनी गोष्ट आहे, बाळांनो. मोठ्यांनी ऐकली तरी चालेल. डोंगराखालच्या एका गावात सगुणा नावाची मुलगी आपल्या आईबरोबर राहायची. गावातले म्हातारे बुवा तिला गाणं शिकवायचे. गळा गोड होता, पण पोरीचं सगळं चित्त सोंगट्यांत.

दुपार झाली की तिच्या मैत्रिणी ठकी आणि म्हाळसा लाल सुताचा पट घेऊन यायच्या. कवड्या खुळखुळल्या की सगुणा तंबोरा भिंतीला टेकवून धावायची. "आई, एकच डाव गं!" त्या एका डावाला दिवेलागण व्हायची.

एकदा बुवांनी तिला हातावर ताल धरायला सांगितला. समेवर यायची वेळ झाली आणि सगुणा ओरडली, "पंचवीस! ठके, तुझी सोंगटी मेली!"

बुवा आधी हसले. मग म्हणाले, "पोरी, माझं वय झालं. पौर्णिमेला तुझ्या घरी येऊन ऐकेन. मन लागलेलं दिसलं तर पुढं शिकवीन. नाही तर इथंच थांबू."

सगुणानं घरी येऊन आईला हे सांगितलं. आईला स्वतःला कुणी काही शिकवलं नव्हतं. आता लेकीचंही दार बंद झालं तर? तिनं कवड्या ज्वारीच्या कणगीत लपवल्या, पट पेटीच्या तळाशी घातला आणि मुलींना दारातच अडवलं.

"खेळणार नाही, मावशी. नुसत्या बसू," ठकी म्हणाली.

"तू आणि नुसती बसणार? जा गं बायांनो, तिला रियाज करू द्या."

सगुणा पहाटेपासून गाऊ लागली. सूर चुकत नव्हता. पण चुलीजवळ बसलेल्या आईला तो ऐकून काहीच वाटेना. पोर हसेना, धड जेवेना. आईला वाटलं, होईल सवय.

पौर्णिमा उजाडली. बुवा येणार म्हणून आईनं घर सारवलं, तंबोरासुद्धा कानाकोपऱ्यातून पुसून लख्ख केला.

बुवा आले. सगुणानं तार छेडली, तर आवाज बद्द, लाकडावर टिचकी मारावी तसा. तिचे डोळे भरून आले.

बुवांनी वाकून बघितलं. "तारा टेकतात त्या घोडीवर, तारांखाली, सुताचे दोरे होते, ते कुठायत?"

आईचा चेहरा उतरला. "ते... मी सकाळी काढून चुलीत टाकले. मला वाटलं, कचरा अडकलाय. बुवा, माझ्या चुकीची शिक्षा तिला नका देऊ."

"शिक्षा कसली, बाई? दुसरा दोरा आण. तो स्वतः वाजत नाही, पण तो असला तर तार बोलते. जागा मात्र नेमकी लागते. जरा इकडं तिकडं सरकला की तार मुकी."

आईनं पेटी उघडली. पटाच्या कडेचं लाल सूत सुटून लोंबत होतं. "तो असला तर तार बोलते," ती स्वतःशीच पुटपुटली. मग तिनं सूत ओढून घेतलं आणि जाऊन दार उघडलं. पायरीवर दोघी बसलेल्या होत्या.

"नुसत्याच बसलोय हं, मावशी," ठकी घाईनं म्हणाली.

आईला हसू आलं आणि रडूही. "या गं आत."

बुवांनी दोरे सरकवत सरकवत जागेवर आणले. तार घुमली. समोर मैत्रिणी बघून सगुणा कितीतरी दिवसांनी हसली आणि गायला लागली. आईच्या अंगावर काटा आला. बुवांनी डोळे मिटले.

"उद्या सकाळी ये," गाणं संपल्यावर ते म्हणाले.

"आणि दुपारी?" आईनं भीतभीतच विचारलं.

"दुपारी एक डाव. पण खरोखरचा एकच."

तेव्हापासून रियाज झाला की आई स्वतः कवड्या काढून द्यायची. डाव संपला की ठकीच पट गुंडाळायची. "ऊठ गं गाणारणी, तंबोरा वाट बघतोय!"

पुढं सगुणाचं गाणं ऐकायला दुरून दुरून माणसं यायची. तिच्या तंबोऱ्याच्या तारांखाली मात्र शेवटपर्यंत त्याच पटाचं लाल सूत असायचं.

तात्पर्य: अभ्यासाला खेळाची आणि मैत्रीची सोबत हवीच, पण प्रत्येकानं आपल्या जागी राहावं.