शून्याची जागा

शाळेत गणित शिकवायची एकच जागा होती आणि मला ती हवीच होती. मुलाखतीत फळ्यावर x³ − 7x + 6 ला x − 1 ने संश्लेषक पद्धतीने भागायचं होतं. मी सहगुणक मांडले: 1, 0, −7, 6.

"थांबा!" संस्थेचे सचिव तात्यासाहेब कडाडले. मी इतकी दचकले, की खडूच मोडला. "यात x चा वर्ग नाहीच. जे नाही, त्याला जागा कशाला? पुसा ते शून्य!"

पुसलं तर उत्तर चुकणार, नाही पुसलं तर नोकरी जाणार. मी त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"सर, अध्यक्ष आज आले नाहीत, तरी त्यांची खुर्ची ठेवलीच आहे ना? ती काढली, तर तुम्ही सरकून अध्यक्षांच्या जागी याल. शून्य पुसलं, तर सातही तसाच वर्गाच्या जागी सरकेल."

तात्यासाहेबांनी रिकाम्या खुर्चीवर टेकलेलं कोपर झटकन काढून घेतलं.

"राहू द्या शून्य," ते पुटपुटले. "सोमवारी रुजू व्हा."