कळलावीचा बांध

बांधावरून चालू नका, खालच्या पायवाटेने या. बाजरीच्या ताटांवर चढलेली ही लाल-पिवळी फुले कळलावीची. त्यांना हात लावू नका, कंद विषारी असतो. आमच्या उंबरदांडला हे झाड कोणी दारात लावत नाही. लावले तर घरात भांडण शिरते असे मानतात. या एका बांधावर मात्र ते मुद्दाम राखले आहे. वर उंबर दिसतो, खाली ओढा. तिथून इथवर फुलांची रांग कुठेही मोडलेली नाही. तिची हकिगत जुनी माणसे सांगत आली, तशीच सांगतो.

फार पूर्वी बांधाच्या या अंगाला साळू नावाच्या विधवेचे शेत होते आणि त्या अंगाला खेमाचे. साळूची सासू आवडाबाई गावाची सुईण होती. कळलावीचा कंद उगाळून अडलेल्या बाईच्या तळव्यांना लावला की ती लवकर सुटते, अशी त्या काळची समजूत. कंद हवा, पण झाड दारात नको, म्हणून आवडाबाईने ते बांधावर ओळीने लावले होते, असे म्हणतात.

पुढे सासू गेली, नवरा गेला. खेमाने मग बांध कोरायला घेतला. दर नांगरटीला थोडी माती आपल्याकडे ओढायची, दगड थोडे पुढे सरकवायचे. खुरपणीत कळलावीचे कोंब दिसले की उपटून टाकायचे. होता होता बांध साळूच्या शेतात चांगलाच आत आला. तिच्या रानात खोल काळी माती होती ती बांधाने गिळलेल्या त्याच पट्टीत. बाकी सगळा मुरूम. पट्टी गेली तर गाव सोडून भावाच्या दारी जाऊन राहणे, एवढेच तिच्यापुढे उरले होते.

ती पाटलांकडे गेली. पंच बसले. खेमा म्हणाला, बांध आहे तिथेच आहे, बाईची नजर फिरली आहे. तेव्हा जुन्या रिवाजाप्रमाणे ठरले, की गौरी यायच्या आधी खेमाने त्या पट्टीतली माती पाटीत भरून डोक्यावर घ्यावी आणि तो म्हणतो त्या हद्दीवरून चालावे. खोटा असेल तर ती माती त्याच्या घराला बाधेल. खेमा बेधडक हो म्हणाला. वर त्यानेच अट घातली, की तोवर साळूने पट्टीत पाय ठेवायचा नाही.

पाटील म्हणाले, "मग तूही ठेवायचा नाहीस."

"नाही ठेवत," खेमा हसून म्हणाला. "बाजरीला काय, माझं तोंड बघून वाढायचंय?"

पट्टीत खेमाची पेरणी झालेली होती. त्या पावसाळ्यात पट्टीत कोणी खुरपे घेऊन गेले नाही.

ठरल्या दिवशी सारा गाव उंबराखाली जमला. खेमा पाटी डोक्यावर घेऊन उभा राहिला आणि लोकांची नजर बाजरीवर गेली. नांगराच्या फाळाखाली खोल राहिलेले कंद फुटले होते. ताटांना धरून वेल कणसांपर्यंत चढले होते, आणि उंबरापासून ओढ्यापर्यंत खेमाच्या पिकातून जाळाची रेघ ओढावी तशी फुले फुलली होती.

खेमा म्हणाला, रानात गवत कुठेही उगवते.

त्याची म्हातारी आई ठकूबाई काठी टेकत पुढे आली. "रानचं गवत असं रांगेत उगवत नाही, खेमा. हे आवडाचं लावणं आहे. तुझ्या वेळी मी अडले होते. घरच्यांनी माझी आशा सोडली होती. आवडा धावत गेली आणि याच बांधावरचा कंद खणून आणला. ज्या बांधानं तुला आणलं, तोच कोरून खाल्लास."

खेमा सरकवलेल्या दगडांकडे गेलाच नाही. तो फुलांच्या रेघेवरून चालत निघाला, थेट ओढ्यापर्यंत. तिथे तो घाईघाईने पाटी उतरवू लागला. साळू मागोमाग आली होती. ती म्हणाली, "भावजी, पाटी सावकाश उतरवा. माती माझी आहे."

आधी पाटील हसले, मग सगळा गाव. म्हातारीसुद्धा हसली, म्हणे. त्याच ठिकाणी नव्या बांधाची पहिली पाटी पडली. गड्यांनी जुने दगड उचलून आणले, बायांनी माती ओढली, आणि दिवस मावळायच्या आत बांध उंबरापासून ओढ्यापर्यंत उभा राहिला. त्या वर्षी साळूच्या गौरी याच फुलांनी सजल्या, आणि तिला भावाकडे जावे लागले ते फक्त माहेरपणाला.

आजही गौरी येईपर्यंत बांधाच्या दोन्ही अंगांना कोणी खुरपे लावत नाही. आजही खेमाच्या घराण्यातला कर्ता पुरुष मातीची पाटी डोक्यावर घेऊन या रेघेने ओढ्यापर्यंत जातो. साळूच्या घरची सून तिथे त्याची वाट बघत उभी असते आणि सगळ्यांदेखत बजावते, "भावजी, पाटी सावकाश उतरवा. माती माझी आहे."

तो मान खाली घालून हसतो, आणि माती बांधावर ओततो.