औटकीचा कागद

एका गावात शाळेसमोर पिंपळाचा पार होता. गाव लहान, पण पार चांगला ऐसपैस. दिवेलागण झाली की घराघरांतली मुलं हातपाय धुऊन त्या पारावर बसत आणि परवचा म्हणत. परवचा म्हणजे पाढ्यांची उजळणी. एकानं पुढं म्हणायचं, बाकीच्यांनी मागून म्हणायचं. बे एके बे पासून निघालेली गाडी पावाची पावकी, दीडाची दिडकी करत शेवटी औटकीला पोचायची. औट म्हणजे साडेतीन, आणि त्याचा पाढा ती औटकी. तोवर घरोघरी भाकरीचा वास सुटलेला असे, निम्म्या मुलांचा जीव चुलीपाशी अडकलेला असे. तरी औटकी झाल्याशिवाय पारावरून उठायचं नाही, अशी द्वारकाबाईंची शिस्त होती.

द्वारकाबाई शाळेतल्या बाई. पाढा सरळ विचारणं त्यांना ठाऊकच नव्हतं. "नऊ चोक?" म्हणून मधूनच कुणावर तरी बोट रोखायच्या. उत्तर आलं नाही तर मारायच्या नाहीत, नुसत्या बघत राहायच्या. त्यापेक्षा छडी परवडली, असं मुलं आपसांत म्हणत.

काय दिवस होते ते! पुढं घरात टीव्ही आला, मग हातात मोबाइल आला, आणि पार ओस पडला. बाई निवृत्त झाल्या. त्यांची नजर अधू झाली. संध्याकाळी पारावर गावची कुत्री बसू लागली आणि त्यांना कुणी पाढे विचारत नव्हतं.

त्या पारावर वाढलेला दिगंबर शहरात संगणकाचं काम करायचा. तो ज्या भाषेत संगणकाला हुकूम द्यायचा, ती जरा न्यारीच होती. तिच्यात आकडे एकेकटे येत नसत, रांगेनं येत. एकदा सांगितलं की अख्खी रांग एकदम ऐकायची. दिगंबरला ही भाषा पहिल्या दिवसापासून आवडली. का आवडली, ते मात्र पुष्कळ उशिरा कळलं. एकानं सांगायचं आणि सगळ्या रांगेनं एकसुरात उत्तर द्यायचं, हा तर परवचाच होता.

शाळेचा अमृतमहोत्सव आला तेव्हा दिगंबरच्या मनात आलं, घरटी एक पाढ्यांचा कागद द्यावा आणि परवचा पुन्हा सुरू करावा. त्यानं एक ते तीस आकडे उभे मांडले, एक ते दहा आडवे मांडले, मध्ये गुणाकाराची खूण ठेवली. एवढी एकच ओळ. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तीसपर्यंतचे सगळे पाढे पडद्यावर हजर! लहानपणी जे पाठ करायला वर्षं गेली होती, ते एका ओळीत समोर उभं होतं. दिगंबरचे डोळे भरून आले. मग त्यानं पावकी केली, दिडकी केली आणि सगळं छापखान्यात नेलं.

छपाई सुरू होणार, एवढ्यात त्याला आठवलं, औटकी राहिलीच की! औटकीशिवाय बाई उठू देतील होय? त्यानं तिथंच घाईघाईनं तिनाच्या पाढ्याची रांग घेतली आणि हुकूम दिला, अर्धा मिळव. रांगेनं मुकाट्यानं ऐकलं. दिगंबरनं पहिली ओळ वाचली, एक औट साडेतीन. बरोबर होती. "छापा," तो म्हणाला.

गावात समारंभ थाटात झाला. हार, नारळ, शाल, सगळं दिगंबरला मिळालं. घरोघरी कागद वाटले. संध्याकाळी पार झाडून घेतला, द्वारकाबाईंना हाताला धरून आणलं आणि कित्येक वर्षांनी परवचा सुरू झाला. मुलं कागदात बघून म्हणत होती, पण म्हणत होती. रस्त्यानं जाणारी मोठी माणसं थांबली, त्यांचेही ओठ हलू लागले. बाईंचा चेहरा असा खुलला होता की बघतच राहावं.

औटकी आली. बाईंनी सवयीप्रमाणे मधूनच बोट रोखलं. "आठ औट?"

चौथीतली तनुजा कागदात बघून म्हणाली, "साडेचोवीस."

"चूक. अठ्ठावीस."

"नाही बाई, छापलंय ना इथं. साडेचोवीसच."

आणखी चार मुलांनी आपापले कागद पाहिले. सगळीकडे साडेचोवीस. सरपंच हणमंतराव समजुतीच्या सुरात म्हणाले, "असू द्या बाई. वय झालं की व्हायचंच असं. कागद मशीनचा आहे, तो कसा चुकेल?"

आता गावात हिशेब येणारी माणसं काही कमी नव्हती. दुधाचा, उसाचा, व्याजाचा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ. पण छापील कागद समोर असताना बोटं मोजत बसतो कोण? सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई पदर सावरून उठल्या आणि चाचपडत घरी गेल्या. औटकी पुरी होण्याआधी त्या पारावरून उठल्या, असं त्या दिवशी पहिल्यांदाच घडलं.

दिगंबरच्या तोंडातूनही बाईंबरोबरच "अठ्ठावीस" निघालं होतं, पण हळू. सकाळी त्यानं संगणक उघडून पाहिलं. चूक लख्ख समोर होती. त्यानं सगळ्या रांगेला एकेकच अर्धा वाटला होता. एका औटाला एक अर्धा ठीक. पण दोन औटांना दोन अर्धे हवेत, आठ औटांना आठ. पहिली ओळ तेवढी बरोबर, खाली सगळा आनंद.

तो सरपंचांकडे धावला. हणमंतराव कपाळाला हात लावून बसले. मग म्हणाले, "हे बघा दिगंबरराव, बोभाटा करू नका. कालच तुमचा सत्कार केलाय, गावाचं हसं होईल. नवे कागद छापा, जुने मी गुपचूप गोळा करवतो. कुणाला कळणारसुद्धा नाही."

दिगंबरला हे पटलं. खोटं कशाला सांगा, चटकन पटलं. अशी सोय कुणाला नको असते? तो शहराची बस पकडायला निघाला.

वाटेत द्वारकाबाईंचं घर लागलं. बाई ओसरीवर चिंचोके घेऊन बसल्या होत्या. तीन अख्खे आणि एक फोडलेला अर्धा, अशी एकेक ढिगली मांडत होत्या. आठ ढिगल्या झाल्या की बोटांनी चाचपून मोजत होत्या. उत्तर अठ्ठावीस येत होतं. तरी मोडत होत्या आणि पुन्हा मांडत होत्या. गावातल्या दोन पिढ्यांना जो पाढा शिकवला, तो त्या पडताळून बघत होत्या. सगळं गाव एक बोलू लागलं की माणसाचा आपल्या हातातल्या चिंचोक्यांवरही विश्वास राहत नाही.

दिगंबर वाटेतच थबकला. नवा कागद आला असता, चूक घराघरांतून गेली असती. पण बाईंचं काय? "बाईंना आता आठवत नाही," हे गावानं ठरवून टाकलं होतं, आणि बाईंनीही ते मनावर घेतलं होतं. ते कुठला कागद दुरुस्त करणार होता? दिगंबरनं बस सोडली.

संध्याकाळी तो बाईंना पुन्हा पारावर घेऊन आला. सगळं गाव जमलं होतं. हणमंतराव खुणेनं नको नको म्हणत होते. दिगंबर उभा राहिला. त्याचे कान तापले होते. "काल बाई चुकल्या नाहीत," तो म्हणाला. "मी चुकलो. मशीनही चुकलं नाही. मी सांगितलं तेच त्यानं केलं. मी एकच ओळ वाचून कागद छापला आणि माझ्या चुकीचा डाग बाईंना लागला. काल उत्तर माझ्या तोंडात होतं, तरी मी गप्प बसलो. बाई, मला माफ करा."

मग बाई हसल्या.

"दिगू," त्या म्हणाल्या, "लहानपणीही तू पहिली ओळ खड्या आवाजात म्हणायचास आणि पुढं नुसते ओठ हलवायचास. मला कळायचं हो!"

सगळा पार खो खो हसला. त्यात हणमंतरावही हसले, आणि मग त्यांनी पुढं होऊन बाईंच्या पायांना हात लावला. तनुजानं रागारागानं कागद फाडायला घेतला, तेव्हा बाईंनी तिला थांबवलं. "फाडू नकोस गं. पेन्सिल घे आणि दुसऱ्या ओळीपासून तूच सुधार. बाकीच्यांनीही घ्या आपापला कागद. पण आधी मोजायचं, मग खोडायचं."

त्या संध्याकाळी पारावर मुलं बोटं मोजून, खडे मांडून औटकी सुधारत बसली. आयाबाप त्यांच्या डोक्यावरून वाकून चुका काढत होते. त्या गलक्यात बाईंनी दिगंबरचा हात घट्ट धरला आणि हलकेच म्हणाल्या, "आज सकाळी मला वाटलं रे, आपल्याजवळचं सगळं गेलं. तू आला नसतास, तर मी ते तसंच मनात धरून मेले असते."

तात्पर्य: आपली चूक आपण उचलली नाही, तर ती कुणा निर्दोष माणसाच्या माथी बसते. म्हणून चूक गुपचूप सुधारून भागत नाही. ज्याला तिचा डाग लागला, त्याच्यासमोर ती चारचौघांत कबूल करावी लागते.