वैजयंताचा पदर

"अक्का, मग आणखी काय करू मी? तुम्हीच सांगा."

वैजयंता उंबऱ्यातच बसली. वीटभट्टीवर राबणाऱ्या बायकांच्या पोरांचं पाळणाघर ती सांभाळायची, आणि अठरांतल्या अकरा पोरांचे डोळे आले होते. आया म्हणत होत्या, उद्यापासून पोरं भट्टीवरच नेतो. म्हणजे धगीजवळ, चिखलाच्या खड्ड्याशी.

चंद्राक्का म्हाताऱ्या सुईण. पाळणाघर त्यांनीच सुरू केलेलं, आता वैजयंताच्या हवाली केलेलं.

"काय काय केलंस?"

"जमीन फिनेलनं पुसली. चादरी उकळल्या. डोळे आलेली पोरं आतल्या खोलीत वेगळी ठेवली." वैजयंताचा आवाज चढला. "कुणात आपपर केलं नाही, अक्का. पोटच्यासारखं करते. विचारा कुणालाही."

"एक दिवस थांबा म्हणावं आयांना. उद्या मी येते."

सकाळी अक्का आल्या. आतल्या खोलीत तुळशा डोळे चोळत बसला होता. अक्कांनी त्याच्या दोन्ही गालांवर ओल्या हळदीचा जाड लेप थापला.

"आता तुझं रोजचं काम कर. मी इथं नाहीच असं समज."

वैजयंताने तुळशाचे चिकटलेले डोळे पदराने अलगद टिपले. मग बाहेर येऊन मंजीचं नाक पुसलं. खिमट भरवून झाल्यावर एकेकाचं तोंड पुसलं. कुणी रडलं की त्याला पदरात घेतलं. फार मायेचा हात होता तिचा.

दुपारी अक्कांनी बाहेरच्या पोरांना उजेडात बसवलं.

कुणाच्या नाकाखाली पिवळं होतं, कुणाच्या पापणीवर. बाहेरच्या सातही पोरांना हळद लागलेली.

वैजयंताने पदर उलगडून पाहिला. मग स्वतःची बोटं पाहिली.

"म्हणजे मीच...?"



तिला रडू फुटलं. डोळे पुसायला तिने पदर उचलला, आणि हात तसाच थांबला...

"आधी हात धू," अक्कांनी साबणाची वडी पुढे केली.

मग पिशवीतून आपलं धुतलेलं लुगडं काढलं आणि टराटरा फाडायला घेतलं. अठरा पोरांचे अठरा तुकडे. एकोणिसावा वैजयंताच्या हातात दिला.

तिने डोळे टिपले.

"चांगलं नेसतं लुगडं होतं, अक्का. फाडलंत कशाला?"

"अख्खं होतं तवर एकटीलाच पुरत होतं, पोरी."