ठकीचा डबा

“मग ती पोर बोलत का नाही, बाबा?”

विश्राम मास्तरांनी पुन्हा विचारलं. लतीफबाबा फकीर आपल्या तकियाबाहेरच्या चिंचेखाली गोधडीला टाके घालत बसले होते. सुईत दोरा जाईना, म्हणून त्यांनी सुई-दोरा मास्तरांपुढं धरला.

मास्तरांनी दोरा ओवून दिला.

“बाकीची बोलली?”

“सगळी. शनिवारी ज्यानं त्यानं आपलं जमवलेलं घेऊन यायचं आणि त्याविषयी सांगायचं, असं मी ठरवलंय. कुणी पिसं आणली, कुणी काडेपेट्यांवरची चित्रं. लाजरीबुजरी पोरं पोपटासारखी बोलायला लागली. मला येतं ते, बाबा. पोरांना बोलतं करावं तर मीच.”

“तू बोलतोस, ते दिसतंय,” बाबा म्हणाले. “ठकीचं सांग.”

“तिच्या डब्यात नदीतले दगड. एक उचलून म्हणाली, ‘ही माझी दगड...’ आणि थांबली. तेव्हापासून गप्प. शाळेत गप्प, घरी गप्प. आई ऊसतोडीला गेलेली, पोर मावशीकडे. मावशी म्हणते, मुक्या पोरीला शाळा कशाला? सोमवारपासून शेळ्यांमागं धाडते.” मास्तरांचा आवाज चढला. “उद्याचा एक शनिवार माझ्या हातात आहे. उद्या मी तिला बोलायला लावणारच.”

“उगाच थांबली?”

“उगाच.”

बाबा टाके घालत राहिले...

“खिशात काय आहे तुझ्या?”

मास्तरांचा हात मघापासून सदऱ्याच्या खिशाशी चाळा करत होता. त्यांनी चुन्याची डबी बाहेर काढली. पितळेची, झाकण झिजून गुळगुळीत झालेलं.

“तंबाखू खातोस?”

“छे.”

“मग?”

मास्तर ओशाळं हसले. हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलासुद्धा नाही.

“ही माझ्या वडलांची. शेवटच्या दुखण्यात ते...”

“वडलांची नव्हे,” बाबा म्हणाले. “वडिलांची.”

मास्तर थांबले.

“हं. पुढं?”

“शेवटच्या... ते...”

शब्दच येईना. कानाच्या पाळ्या तापल्या. फकिरानं आपल्याला शुद्ध बोलायला शिकवावं! त्यांनी डबी मुठीत मिटली आणि खिशात टाकली.

“सांग की. मी ऐकतोय.”

“राहू द्या. विशेष काही नाही.”

चिंचेचा पाला गोधडीवर पडत होता. बाबांनी तो झटकला नाही.

मास्तरांचा हात मात्र खिशावरच राहिला होता.

“मी तिला म्हणालो होतो...” ते खाली बघत म्हणाले. “‘ही दगड नव्हे, ठकी. हा दगड.’ प्रेमानंच म्हणालो होतो, बाबा.”

“मीही प्रेमानंच म्हणालो.”

“मग पोरांना चुकीचंच बोलू देऊ? शिकवायचंच नाही?”

“शिकव ना. सोमवारी शिकव.”

“सोमवारी ती शेळ्यांमागं असेल.”

बाबांनी मान वर करून नुसतं बघितलं.

मास्तर उठले. धोतराला लागलेली माती त्यांनी झटकली.

“नसेल,” ते म्हणाले. “उद्या शाळा भरायच्या आधी मी त्यांच्या दारात उभा राहतो. मावशीच्या पाया पडावं लागलं तरी पडेन. ठकीला आणि तिच्या डब्याला घेऊनच येतो.” चार पावलं जाऊन ते परत फिरले. “पण बाबा... तिला पहिलं काय विचारू?”

“ती बरी आहे का, एवढंच विचार.”

“कोण, ठकी?”

बाबांनी दोरा दातानं तोडला.

“ठकी नव्हे रे. ती दगड.”